लांबलचक स्वीडिश शब्द आणि वलणीच्या दोन खुंट्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उप्सालात फ्लॅट घेतलात, एसएफआयचे, म्हणजे स्थलांतरितांसाठीच्या सरकारी स्वीडिश वर्गांचे, सगळे टप्पे पार केलेत, पेपर वाचता येतो. मात्र सोसायटीच्या सभेत उभं राहून तुम्ही दोन लांब शब्द उच्चारलेत आणि अध्यक्षबाई तीनदा "वा?" म्हणाल्या. (हा 'वा?' म्हणजे 'काय?'. आपल्या 'वा!'शी त्याचं नातं नाही, दुर्दैवाने.) तुम्हाला हवंय ते हे: अशा शब्दात सिलॅबल, म्हणजे एकेका स्वराभोवतीचे उच्चाराचे तुकडे, किती हे कसं मोजायचं, जोर कुठे द्यायचा, आणि शब्द जोडताना मध्येच कधी 'स' येतो, कधी येत नाही, त्यात काही नियम आहे का.

मी १९ वर्षं स्टॉकहोममध्ये प्रौढांना स्वीडिश शिकवते आणि मराठी माणसाची नेमकी कुठे अडचण होते ते मला रोज ऐकू येतं. आपण प्रत्येक तुकडा नीट, स्पष्ट, सारख्या वजनाने उच्चारतो. शाळेत बाईंनी असंच शिकवलेलं असतं. आणि नेमकं त्यामुळेच समोरच्याला कळत नाही. स्वीडिश कान शब्दातली सगळी अक्षरं शोधतच नाही. तो दोन जागा शोधतो.

पुढे जाण्याआधी एक तडजोड मान्य करा. स्वीडिश शब्द मी कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिते आहे. ओठ 'ओ'चे आणि जीभ 'ए'ची असा एक स्वर आहे, तो मी 'ओ'च लिहीन. तो कुप्रसिद्ध फुंकरीचा ध्वनी, जो स्टॉकहोममध्ये 'ख', 'ह' आणि 'फ' यांच्या मधोमध कुठेतरी असतो, तो मी सरळ 'श' लिहीन. उत्तर स्वीडनमध्ये आणि फिनलंडच्या स्वीडिशात तो 'श'च्या जवळच जातो, तेव्हा तुम्हीही 'श' म्हटलंत तर कुणी हसणार नाही.

आता तुमच्याच सोसायटीचा शब्द घेऊ. तो एकदम गिळू नका, घासाघासाने खा.

'बू' म्हणजे राहणं, 'स्ताद' म्हणजे ठिकाण (आजच्या भाषेत शहर). 'बूस्ताद' म्हणजे राहतं घर. जोर 'बू'वर, आणि त्याहून कमी पण कानाला जाणवेल असा दुसरा जोर 'स्ताद'वर. त्याला 'रेत्त', म्हणजे हक्क, जोडा: 'बूस्तद्सरेत्त', आपल्याकडच्या सोसायटी-फ्लॅटच्या जवळची मालकी. पहिला जोर 'बू'वरच राहिला. दुसरा मात्र 'स्ताद'कडून निघून 'रेत्त'कडे गेला, आणि 'स्ताद'चा लांब 'आ' आखडून 'स्तद' झाला. आता 'फोरेनिंग', म्हणजे संघ, जोडा. या शब्दात एकट्याने बोलताना जोर 'रे'वर असतो. 'बूस्तद्सरेत्सफोरेनिंग': जोर 'बू'वर आणि 'रे'वर, बिचारा 'रेत्त' सपाट. शेवटी 'स्तेम्मा', म्हणजे सभा: 'बूस्तद्सरेत्सफोरेनिंग्सस्तेम्मा'. जोर 'बू'वर आणि 'स्तेम'वर. मघाशी मिरवणारा 'रे' आता कुणाच्या खिजगणतीत नाही.

दोन खुंट्यांना बांधलेली वलणी डोळ्यासमोर आणा. एक खुंटी पहिल्या घटकात, दुसरी शेवटच्या घटकात. मध्ये कितीही कपडे वाळत घाला, दोरीला झोळच येणार. नवा घटक मागे येऊन लागला की शेवटची खुंटी तो पटकावतो, आणि आधीचा मानकरी झोळात जातो. तीन घटक असोत की सात, खुंट्या दोनच.

हा झोळ नुसता जोराचा नसतो, सुराचा असतो. स्टॉकहोमच्या स्वीडिशात पहिल्या खुंटीवर सूर उंचावरून खाली घसरतो, मधल्या घटकांतून खालच्या पट्टीतच सरपटत जातो आणि शेवटच्या खुंटीवर पुन्हा वर उठतो. दोन शिखरं आणि मधे दरी. याला व्याकरणात दुसरा सूर म्हणतात. पहिला सूर एकाच शिखराचा असतो. साध्या शब्दांतही हा फरक अर्थ बदलतो: 'अन्देन' पहिल्या सुरात म्हटलं तर ते बदक, दुसऱ्या सुरात म्हटलं तर आत्मा. पण जोडशब्दांच्या बाबतीत तुम्हाला निवड करायचीच नाही. मध्य स्वीडनमध्ये जोडशब्द जवळपास नेहमी दुसऱ्या सुरात येतो. अपवाद आहेत, झिजून एकजीव झालेले काही जुने शब्द आणि गावांची नावं. योतेबोर्य (आपल्या नकाशातलं गोथेनबर्ग) आणि हेल्सिंगबोर्य या दोन्ही नावांत जोर शेवटच्या 'बोर्य'वर आहे. अशी नावं गावाबरोबर पाठ करायची.

मराठी माणसाला हे जड जातं याचं कारण मराठीत जोराने अर्थ बदलत नाही. 'पाणीपुरवठा'मधल्या कुठल्याही अक्षरावर जोर द्या, नळाला पाणी येईल तेव्हाच येईल. त्यामुळे कुठे जोर द्यायचा हे आपण पकडतो, पण कुठे जोर काढून घ्यायचा हे पकडत नाही. वर्गात मी जोर द्यायला शिकवण्यात वेळ घालवत नाही. मधलं पाडायला शिकवते. 'उप्पेहोल्सतिल्स्तोंद' हा शब्द तुम्ही इथे आलात त्या दिवसापासून ओळखता, राहण्याचा परवाना. 'उप्पेहोल' म्हणजे मुक्काम, त्यात खुंट्या 'उप' आणि 'होल'. 'तिलस्तोंद' म्हणजे परवानगी, त्यात खुंट्या 'तिल' आणि 'स्तोंद'. दोन्ही शब्द आपापल्या घरात राजे. एकत्र आले की 'उप' आणि 'स्तोंद' उरतात. 'होल्स' आणि 'तिल' या दोघांना तोंडातल्या तोंडात, घाईघाईने, एका खालच्या पट्टीत ढकलायचं. माझे विद्यार्थी म्हणतात, बाई, ते तर अर्धवट बोलल्यासारखं वाटतं. वाटू द्या.

इथे एक गफलत होते. पहिली खुंटी म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर नव्हे. पहिल्या घटकाची जिथे मुळात खुंटी असते तिथेच ती राहते. 'पॅषून' (व्यक्ती) या शब्दात जोर शेवटच्या 'षून'वर आहे. म्हणून 'पॅषूननुम्मेर', आपल्या आधारसारखा तो क्रमांक, 'षून' आणि 'नुम' या खुंट्यांवर टांगायचा. आपल्यातले बहुतेक जण इंग्रजीच्या सवयीने पहिल्या 'पॅ'वर घाव घालतात आणि काउंटरवरची व्यक्ती क्षणभर अडखळते. 'पुलीस' शब्दात जोर 'ली'वर, 'स्तशून' (स्टेशन) शब्दात जोर 'शून'वर. म्हणून 'पुलीसस्तशून'मध्ये खुंट्या 'ली' आणि 'शून'. 'बुसशोफोर' म्हणजे बसचा ड्रायव्हर. फ्रेंचमधून आलेला शोफर आपल्याकडे साहेबाची गाडी चालवतो, इथे बस. त्याची स्वतःची खुंटी शेवटच्या 'फोर'वर असल्यामुळे तिथेच दुसरं शिखर येतं.

उलटही लक्षात ठेवा. 'बे' आणि 'फो' असे जे उपसर्ग मध्ययुगात हान्सा या व्यापारी शहरसंघाच्या व्यापाऱ्यांच्या उत्तर-जर्मनमधून आले, ते बिनजोराचे असतात. 'फोषेक्रिंग' (विमा) शब्दात जोर 'षे'वर, म्हणून 'फोषेक्रिंग्सकस्सान', म्हणजे सामाजिक विम्याचं सरकारी कार्यालय, 'षे' आणि 'कस' यांवर उभं राहतं. पण हा उपसर्गही दोन प्रकारचा आहे. 'फोरमिद्दाग' म्हणजे दुपारआधीची वेळ, त्यात तो 'आधी' या अर्थाचा अस्सल स्वीडिश शब्द आहे आणि तिथे जोर त्याच्यावरच.

सिलॅबलबद्दल तुम्ही सर्वांत आधी विचारलंत, पण खरं सांगू, तो भाग सोपा आहे. स्वीडिश लिपीत नऊ स्वराक्षरं आहेत. लिहिलेल्या शब्दात ती मोजा, तेवढे सिलॅबल. व्यंजनांच्या गर्दीला घाबरायचं नाही, ती कितीही दाटली तरी नवा सिलॅबल तयार करत नाहीत. 'शोफोर'सारख्या परक्या शब्दात दोन स्वराक्षरं मिळून एक स्वर होतो, तेवढा अपवाद. तुमच्या सभेचा शब्द बू-स्तद्स-रेत्स-फो-रे-निंग्स-स्तेम-मा असा आठ सिलॅबलचा आहे. आठाचा आकडा कळून बोलण्यात काही फरक पडत नाही. त्यातला कितवा आणि कितवा, हे कळलं की पडतो. इथे पहिला आणि सातवा.

आणखी एक गोष्ट जोराला चिकटूनच येते. खुंटीवरचा सिलॅबल नेहमी लांब असतो: एकतर स्वर लांब, नाहीतर त्यापुढचं व्यंजन दाबून दुहेरी. 'ताक' म्हणजे छप्पर, 'तक्क' म्हणजे धन्यवाद. (छपराला ताक म्हणणाऱ्या देशात आपण राहतो, याची गंमत मला अजून वाटते.) हा फरक जोडशब्दाच्या खुंटीवरही टिकतो, आणि कधीकधी तोच एकटा अर्थ सांगतो. 'ग्लास' म्हणजे काच, 'ग्लस्स' म्हणजे आइस्क्रीम, 'स्कोल' म्हणजे वाडगा. काचेचा वाडगा आणि आइस्क्रीमचा वाडगा हे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे दिसतात, कारण स्वीडिशात एकच व्यंजन सलग तीनदा लिहीत नाहीत, एक गाळतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तरच ते गाळलेलं अक्षर परत येतं. बोलताना मात्र काही संदिग्ध नसतं: 'ग्लासस्कोल' की 'ग्लस्सस्कोल', पहिल्या खुंटीची लांबी ठरवते. तसंच 'बीलद्रुल्ले' म्हणजे बेदरकार गाडी हाकणारा, आणि तीच अक्षरं 'बिल्दरुल्ले' अशी तोडली की चित्रांची गुंडाळी.

आता तुम्हाला आयता मिळालेला वारसा सांगते. इंग्रज आणि जर्मन विद्यार्थ्यांना जो भाग वर्षभर छळतो, तो मराठी माणसाला जन्मतः येतो. मध्य आणि उत्तर स्वीडनच्या बोलीत 'र' आणि त्याच्या पुढचं दंत्य व्यंजन मिळून एक मूर्धन्य तयार होतं. र आणि त मिळून ट, र आणि द मिळून ड, र आणि न मिळून ण, र आणि स मिळून ष, र आणि ल मिळून ळ. पाचही आपल्या घरात आहेत! 'र' स्वतः त्यात विरघळून जातो. म्हणून मूल म्हणजे 'बाण', टेबल म्हणजे 'बूड', आणि अंगण किंवा वाडा म्हणजे 'गोड'. श्युर्का म्हणजे चर्च, तेव्हा चर्चचं अंगण म्हणजेच दफनभूमी 'श्युर्कुगोड'. माझ्या आईला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तिने पदराआड हसून घेतलं. (आपला ळ जिभेचा फटकारा मारतो, यांचा तसा नाही. पण जवळचा आहे.)

महत्त्वाचं हे की ही संधी जोडशब्दाच्या सांध्यावरही होते. सुटा 'स्तूगा' म्हणजे छोटं घर. 'सोम्मार' म्हणजे उन्हाळा. उन्हाळी घर मात्र 'सोम्मारस्तूगा' नव्हे, 'सोम्माष्टूगा', आपल्या 'कष्ट'मधला 'ष्ट' जसाच्या तसा. 'देक्क' म्हणजे टायर. १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्ता बर्फाळ असेल तर जे सक्तीचे असतात ते हिवाळी टायर, 'विन्तेर' अधिक 'देक्क', उच्चारी 'विन्तेडेक्क'. राम अधिक अयन जोडताना 'र'मुळे 'न'चा 'ण' झाला आणि 'रामायण' म्हणायला आपल्याला कधी अडचण आली नाही. तीच खोड आहे, फक्त इथे 'र' काम करून पसार होतो. आपण दंत्य त आणि द सुद्धा घरूनच आणलेले असतात. इंग्रजी बोलल्यासारखे ट-ड सगळीकडे टाकू नका, नाहीतर हा सगळा फायदा मातीमोल. मालमोकडच्या स्कोने प्रांतात मात्र 'र' घशातून येतो, तिथे हा प्रकार होत नाही. त्यांचा सूरही एकाच शिखराचा. फिनलंडच्या स्वीडिशात तर दोन सुरांचा भेदच नाही. उप्सालात राहताय तर ही चिंता सोडा.

आता सांध्यांबद्दल. मराठीत 'घोडा' आणि 'दौड' मिळून 'घोडदौड' होते, 'घोडादौड' नाही. 'पाणी' आणि कोंबडी मिळून पाणकोंबडी. पुढचा शब्द लागला की आधीच्याचं शेपूट कापलं जातं. स्वीडिशही हेच करते: 'स्कूला' (शाळा) आणि बस मिळून 'स्कूलबुस', 'फिक्का' (खिसा) आणि 'लम्पा' (दिवा) मिळून 'फिक्लम्पा', म्हणजे विजेरी. काही शब्दांत शेपूट कापत नाहीत, बदलतात: 'गाता' (रस्ता) चं 'गातु', 'श्युर्का'चं 'श्युर्कु'. हा 'उ' म्हणजे जुन्या स्वीडिशातल्या स्त्रीलिंगी नामांच्या विभक्तीचा अवशेष आहे. आपल्या सामान्यरूपासारखाच. विभक्ती भाषेतून गेली, जोडशब्दांच्या सांध्यात तेवढी अडकून राहिली.

आणि तो 'स'. तोही षष्ठीचाच. तुम्ही संस्कृत घेतलं असेल तर अलुक् समास आठवा: 'वाचस्पती'मधला 'स्' हा 'वाच्' शब्दाच्या षष्ठीचा आहे, समासात तो लोपला नाही. स्वीडिशात असे अलुक् समास पैशाला पासरी. पण केव्हा 'स' आणि केव्हा नाही? साध्या, एका घटकाच्या नामांना पक्का नियम नाही. 'दागबूक' (रोजनिशी) मध्ये 'स' नाही, 'दाग्सतीदनिंग' (दैनिक) मध्ये आहे, आणि कारण विचारत बसलात तर आयुष्य जाईल. ते ऐकून ऐकून बसतं. पण दोन ठिकाणी डोळे झाकून 'स' घाला. पहिलं म्हणजे 'निंग', 'हेत', 'शून', 'तेत' अशा प्रत्ययांनी संपणारी भाववाचक नामं: फोरेनिंग्स-, तीदनिंग्स-, सेकेरहेत्स-, इन्फोर्मशून्स-, उनिवेर्सितेत्स-.

दुसरं ठिकाण जास्त मौजेचं आहे. पहिला घटक स्वतःच जोडशब्द असेल तर सांध्यावर बहुधा 'स' येतो, एरवी तिथे तो येत नसला तरी. 'वीनग्लास' म्हणजे वाइनचा ग्लास, त्यात 'स' नाही. 'रोदवीन' म्हणजे लाल वाइन, आणि तिचा ग्लास 'रोदवीन्सग्लास'. 'बूकफोळाग' म्हणजे पुस्तकांचं प्रकाशनगृह, आणि मुलांची पुस्तकं काढणारं 'बाणबूक्सफोळाग'. हा 'स' म्हणजे मोठा सांधा इथे आहे, आधीचं सगळं एक गाठोडं समजा, अशी खूण. ती खूण किती कामाची आहे बघा: 'बाणबूक्क्लुब' म्हणजे मुलांसाठी काढलेला पुस्तक-क्लब, आणि 'बाणबूक्सक्लुब' म्हणजे बालपुस्तकांचा क्लब, ज्याचे सभासद सत्तरीचेही असू शकतात. दोन्हींच्या खुंट्या त्याच, 'बाण' आणि 'क्लुब'. सूर तुम्हाला एवढंच सांगतो की हा सगळा एक शब्द आहे. आत फाळणी कुठे आहे, ते 'स' सांगतो. तुमचा पुस्तकी नियमांवरचा राग मला समजतो, पण हा एक नियम पाठ कराच.

घरातच याचं उदाहरण आहे. 'फार' म्हणजे वडील. वडिलांचे वडील 'फारफार', मध्ये 'स' नाही. त्यांचे वडील, म्हणजे पणजोबा, 'फारफाष्फार' असे, मध्ये 'स' आला आणि मागच्या 'र'ने त्याला आपल्या रंगात ओढलं. यांची नातेव्यवस्था बघून आपल्याला माहेरी आल्यासारखं वाटतं, कारण इंग्रजीसारखा सगळ्यांना एकच शब्द इथे नाही. आईची आई 'मूरमूर', वडिलांची आई 'फारमूर'. मावशी 'मूस्तेर' आणि आत्या 'फस्तेर', आणि हे दोन्ही मूळचे जोडशब्दच: आई-बहीण, वडील-बहीण. बोलून बोलून सांधे इतके झिजले की आज कुणाला दिसत नाहीत.

लिंग, अनेकवचन, 'तो'-'ते' हे सगळं शेवटच्या घटकाकडून घ्यायचं. आपल्या तत्पुरुषासारखंच. देवघर नपुंसकलिंगी का, तर घर नपुंसकलिंगी. देवाला कोण विचारतो. म्हणून अनोळखी लांब शब्द वाचताना मागून सुरुवात करा. शेवटी 'स्तेम्मा' दिसली, म्हणजे ही कसलीतरी सभा आहे. मग कसली, तर संघाची. कसला संघ, तर घरमालकीचा. अर्थ मागून पुढे येतो, सूर पुढून मागे जातो. दोन्ही एकाच वेळी सांभाळायला सहा महिने लागतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

लिहिताना शब्द तोडू नका. आपल्याकडे 'पाणीपुरवठा' बरोबर असूनही पाट्यांवर 'पाणी पुरवठा' लिहिलेलं असतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. इथे बिघडतं, कारण मोकळी जागा सोडली की वाचणारा मनात दोन शब्द दोन वेगळ्या शिखरांनी वाचतो. स्वीडिश शाळांत हमखास दिलं जाणारं उदाहरण म्हणजे 'ब्रूनहोरिग शूकशोतेष्का', तपकिरी केसांची नर्स. तोडून 'ब्रून होरिग शूक शोतेष्का' लिहिलं की ती होते तपकिरी, केसाळ, आजारी सेविका. मी स्वतः इथे आले त्या वर्षी एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात मदतनीस होते. फ्रीजमधल्या डब्यावर मी 'श्युक्लिंग लेवेर' अशी चिठ्ठी लावली, मला म्हणायचं होतं कोंबडीचं काळीज. 'लेवेर' म्हणजे काळीज (यकृत), पण 'जगतो' हे क्रियापदही तेच. मुख्य स्वयंपाकिणीने गंभीर चेहऱ्याने डबा उघडला, आत डोकावली आणि म्हणाली, "नाही गं, मला नाही वाटत." कोंबडी जिवंत आहे, असं मी लिहून ठेवलं होतं. त्यानंतर जोडाक्षरांत काय, जोडशब्दांतही मी जागा सोडलेली नाही.

सर्वांत लांब शब्दाबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंत. गिनेसच्या पुस्तकात १३० अक्षरांचा एक राक्षस आहे, समुद्रकिनाऱ्यावर सुरू होऊन 'तयारीची कामे' इथे संपणारा. तो कुणी बोलत नाही. स्वीडिश अकादमीच्या शब्दयादीतला सर्वांत लांब म्हणून सांगतात तो २८ अक्षरांचा आहे, 'रेअलिसशून्सविन्स्तबेस्कत्निंग', म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरची करआकारणी. नऊ सिलॅबल, खुंट्या 'शून' आणि 'स्कत्त'. 'बे' बिनजोराचा, हे एव्हाना तुम्हीच सांगाल. बोलताना लोक या नफ्याला नुसतं 'रेआविन्स्त' म्हणतात. फ्लॅट विकाल तेव्हा लागेल.

आता तुमचा खरा अडलेला शब्द. सहा महिने पुण्याला जायचंय, फ्लॅट दुसऱ्याला भाड्याने द्यायचाय, आणि सभेत त्याची परवानगी मागायची आहे. आपल्याकडे अशाला पोटभाडेकरू ठेवणं म्हणतात, आणि पोटभाडेकरू हा शब्द काय कमी झकास आहे! स्वीडिश म्हणते दुसऱ्या हाताने बाहेर भाड्याने देणं: 'अन्द्रा' (दुसरा), 'हन्द' (हात), मग सांध्याचा 'स', आणि 'ऊतह्यूणिंग'. हा शेवटचा स्वतःच 'ऊत' (बाहेर) आणि 'ह्यूणिंग' यांचा जोड, आणि त्यातला 'ण' तुम्हाला फुकट मिळालेला आहे.

आधी नुसतं गुणगुणा, शब्द न उच्चारता: वरून खाली, खालीच चालत राहा, आणि शेवटी वर. मग दोनच तुकडे बोला, 'अन्' आणि 'ह्यूणिंग', मधे तेवढंच गुणगुणणं. ते जमलं की मधलं हळूच भरा, आवाज न चढवता. 'हन्द'वर हात उचलला जाईल, उचलू देऊ नका. 'ऊत'वर तर नक्कीच, कारण सुट्या शब्दात तिथे पहिली खुंटी होती. अन्-द्रा-हन्द्स-ऊत-ह्यू-णिंग. सहा सिलॅबल, पहिला आणि पाचवा. शेवटचा 'णिंग' सूर तसाच हलकेच सोडून द्यायचा. आरशासमोर १५-२० वेळा म्हणा, फोनवर रेकॉर्ड करून ऐका, आणि अध्यक्षबाईंनी पुन्हा "वा?" म्हटलंच तर आवाज वाढवू नका. तोच शब्द तेवढ्याच आवाजात म्हणा, मधला भाग आणखी खाली पाडून.